टूलरूमवाल्यांनी संघटनेत का यावं? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या फाउंड्रीचं नाव देशभर आहे आणि ते कष्टाने मिळवलेलं आहे. पण ते कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ज्या पॅटर्नच्या आणि कोअर बॉक्सच्या साच्यांवर निघतं, ज्या फिक्श्चरमध्ये पकडून मशिन होतं आणि ज्या गेजने त्याचं माप तपासलं जातं, ते बनवणारा माणूस बहुतेक वेळा उद्यमनगरच्या एखाद्या गल्लीत किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या शेडमध्ये एकटाच झटत असतो. डाय, मोल्ड, जिग-फिक्श्चर, गेज, पॅटर्न आणि कटिंग टूल, म्हणजे कारखान्यात भाग घडवायची आणि तपासायची साधनं, बनवणाऱ्या या टूलरूमवाल्यांकडून संघटनेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

माझ्याकडे दोन लेथ, एक मिलिंग आणि कर्जावर घेतलेलं एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन). एवढ्या धंद्याला संघटना कशाला?

खरी गरज एवढ्याच धंद्याला आहे. मोठ्या कंपनीत परचेसला वेगळा माणूस, हिशेबाला वेगळा, कायद्याला वेगळा. तुमच्याकडे सकाळी प्रोग्राम करणारे तुम्हीच, दुपारी पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीकडे, टूलच्या ट्रायलला जाणारे तुम्हीच आणि रात्री बिलं काढणारेही तुम्हीच. नवा नियम आलाय हे बऱ्याचदा नोटीस हातात पडल्यावरच कळतं.

एक साधं उदाहरण घ्या. जीएसटी कायद्यात जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल १ वर्षात आणि भांडवली माल ३ वर्षांत परत यावा लागतो, नाहीतर त्यावर कर लागतो. मात्र मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना कलम १४३ मध्ये या मुदतीतून वगळलेलं आहे. पार्टीचा डाय तुमच्या शेडमध्ये चार वर्षं पडून असेल, तर केवळ मुदत संपली म्हणून कर भरायची गरज नाही. हे ज्याला ठाऊक नसतं, तो घाबरून डाय परत पाठवतो, नवं चलन करून पुन्हा मागवतो आणि टेम्पोच्या भाड्यात पैसे घालवतो. बैठकीत शेजारी बसलेला कारखानदार ही गोष्ट चहा संपायच्या आत सांगतो.

नेमकं कुठल्या संघटनेचं सभासद व्हायचं? इथे तर बऱ्याच आहेत.

दोन पातळ्या डोक्यात ठेवा. पहिली आपल्या गावातली. शहरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. औद्योगिक वसाहतींमध्ये शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीची मॅक आहे. रस्ता, पाणी, वीज, एमआयडीसीची परवानगी, अग्निशमन अशा रोजच्या अडचणींत याच संघटना उपयोगी पडतात, कारण अधिकारी त्यांना ओळखतात. तुमची शेड ज्या वसाहतीत, तिथली संघटना आधी.

दुसरी पातळी तुमच्या कामाची. डाय, मोल्ड, गेज आणि टूलिंगवाल्यांसाठी टॅग्मा, म्हणजे टूल अँड गेज मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ऑफ इंडिया. ड्रिल, रीमर, कटर, इन्सर्ट बनवणाऱ्यांसाठी इंडियन कटिंग टूल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. मशिन टूल बनवणाऱ्यांची इम्त्मा १९४६ पासून आहे आणि तिचं प्रशिक्षण मशिन वापरणाऱ्यांनाही घेता येतं.

माझं स्पष्ट मत असं, की आधी गावातल्या संघटनेत या आणि वर्षभराने राष्ट्रीय संघटनेचा विचार करा. एक गोष्ट मात्र जाणवते आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे. गावातल्या संघटनांमध्ये फाउंड्री आणि मशिनशॉपवाले संख्येने जास्त, त्यामुळे पिग आयर्नचा भाव, वाळू आणि वीज यांवर तास तास चर्चा होते आणि टूलवाल्याचा विषय वेळ संपल्यावर येतो. यात कुणाचा दोष नाही, टूलवालेच तिथे कमी असतात. चार-पाच टूलरूम एकत्र आल्या आणि संघटनेतच त्यांनी स्वतंत्र टूलिंग गट मागितला, तर तो मिळण्यासारखा आहे. आम्ही लोकांना संघटनेत या म्हणतो, त्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच.

पार्टी म्हणते, ‘ट्रायल अजून ओके नाही’, आणि सहा महिने बिल अडकून राहतं. संघटना पैसे वसूल करून देते का?

वसुली करणं संघटनेचं काम नाही आणि तसा शब्द देणाऱ्यापासून लांब राहा. पण या बाबतीत संघटना जेवढी उपयोगी पडते, तेवढी दुसऱ्या कशातच पडत नाही, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

२००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा सूक्ष्म आणि लघु उत्पादकाच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च्या पुढची मुदत चालत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

आता ‘माल स्वीकारला’ म्हणजे काय? टूलवाल्याचा गळा इथेच आवळला जातो. कायदा सांगतो की माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं. हरकत घेतली असेल, तर तुम्ही ती दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजायची. फोनवर ‘बर (भागाच्या कडेला जादा धार) येतोय, जरा बघा’ असं म्हणणं ही लेखी हरकत होत नाही. म्हणून डाय पाठवताना चलनावर तारीख, सही आणि शिक्का घ्या. ट्रायलला गेलात तर ट्रायल रिपोर्ट तिथेच लिहून दोघांच्या सह्या करा. दुरुस्ती करून दिल्यावर त्याच दिवशी ई-मेल टाका. एवढे कागद असले तर निम्मं भांडण जागच्या जागी मिटतं.

याच्या जोडीला २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात कलम ४३ब (एच) आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं वर सांगितलेल्या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजावट मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की पार्टीचे अकाउंटंट स्वतःहून तुमचं उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) मागू लागतात.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर सरकारी पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे) अर्ज करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो हे धरून चला. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

मग लोक तक्रार का करत नाहीत? कारण पार्टी तुटेल ही भीती. ती भीती खरी आहे, तिला कुणी हसू नये. एका पार्टीवर निम्मा धंदा असलेला माणूस कौन्सिलकडे जाणं शक्यच नसतं. संघटनेचा उपयोग इथे होतो. पाच-सहा पुरवठादारांची थकबाकी एकत्र करून, कुणाचंही नाव न घेता, संघटनेच्या लेटरहेडवर कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला पत्र जातं. पदाधिकारी जाऊन भेटतात. बऱ्याच वेळा मालकाला ठाऊकच नसतं की खाली परचेसमध्ये बिलं दाबून ठेवली आहेत.

उद्यम नोंदणी नाही केली तर चालेल का?

नाही. वरचे फायदे उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला आहेत, आणि त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी केलेली बरी, नंतर वाद उरत नाही. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला हजारो रुपये देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, तर २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या टूलरूम यात बसतात.

काम अर्धं झाल्यावर पार्टी ड्रॉइंग बदलते आणि जादा पैसे द्यायला तयार नसते. यावर काही उपाय?

ऑर्डर घेताना अटी लिहून घेणं हाच उपाय, आणि त्या अटींचा मसुदा एकट्याने करायला जमत नाही. संघटनेत वकील आणि जुन्या टूलरूमवाल्यांनी मिळून नमुना अटी तयार करून ठेवता येतात. त्यात काय असावं? ॲडव्हान्स किती, मटेरियल आल्यावर किती, पहिल्या ट्रायलला किती आणि सॅम्पल पास झाल्यावर किती. ड्रॉइंगमध्ये बदल आला तर नवं कोटेशन आणि नवी तारीख. किती शॉटची (टूलच्या फेऱ्यांची) हमी आणि ती कुठल्या मटेरियलवर, कुठल्या प्रेसवर. पार्टीच्या प्रेसचं पॅरलल (वरच्या-खालच्या पाटांची समांतरता) गेलेलं असताना पंच तुटला तर तो तुमच्या माथी मारला जातो, म्हणून प्रेसची अट फार महत्त्वाची. थ्रीडी मॉडेल आणि डिझाइन कुणाच्या मालकीचं. टूल पार्टीच्या मालकीचं असून तुमच्याकडे ठेवलं असेल, तर विमा कुणी काढायचा.

शेवटच्या मुद्द्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर परिसराने जे भोगलं, त्यानंतर तरी दुसऱ्याच्या मालकीचे डाय आणि पॅटर्न आपल्या शेडमध्ये विम्याशिवाय ठेवू नयेत.

संघटना सगळ्यांचे दर एकसारखे ठरवून देईल का? वायरकटचे (तारेने धातू कापायच्या कामाचे) दर तर पार कोसळलेत.

नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नका. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं बेकायदा आहे आणि संघटनेच्या नावाखाली केलं तरी ते बेकायदाच राहतं. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटींहून जास्त दंड लावला, तेव्हा त्यांच्या संघटनेलाही दंड झाला होता. ‘या पार्टीचं काम कुणीही करू नका’ असा ठराव करणंही धोक्याचं आहे.

पण दर कोसळण्याचं एक कारण वेगळं आहे आणि त्यावर इलाज करता येतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःचा मशिन-अवर रेटच काढता येत नाही. व्हीएमसीचा हप्ता, घसारा, वीज, टूलची झीज, मशिन बसून राहिलेले तास आणि स्वतःचा पगार हे सगळं धरलं, की मग कळतं आपण कुठल्या भावात तोटा घेतोय. कॉस्टिंगचं असं प्रशिक्षण संघटनेने जरूर ठेवावं. दर ज्याने त्याने आपापला ठरवायचा, फक्त हिशेब करून ठरवायचा.

बैठकीला गेलो की माझी गिऱ्हाइकं दुसरे पळवतील, असं वाटतं.

बैठकीत पार्टीचं नाव, ड्रॉइंग आणि कोटेशन यांवर बोलायचंच नाही, एवढा नियम पाळा. बोलण्यासारखं इतर खूप असतं: एच१३ स्टीलचा डाय कुठे हार्डनिंग केल्यावर तडा गेला नाही, कुठल्या पुरवठादाराच्या डी२ स्टीलसोबत टेस्ट सर्टिफिकेट खरं येतं, ग्राफाइट इलेक्ट्रोड परवडतो की तांबं. आणि खरं सांगायचं तर, ज्याला तुम्ही स्पर्धक समजता तोच हातात मावत नाही तेव्हा काम तुमच्याकडे पाठवतो. प्रोग्रेसिव्ह टूल (पत्र्याचा भाग टप्प्याटप्प्याने घडवणारं) करणारा आणि मोल्ड करणारा दोघं ओळखीचे असले, तर एकमेकांना कामं देत राहतात. डिझाइनला संरक्षण हवं असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करता येते. ती १० वर्षं चालते आणि पुढे ५ वर्षं वाढवता येते.

चांगला फिटर मिळत नाही. शिकवून तयार केला की दुसरा घेऊन जातो.

हे दुखणं सगळ्यांचं आहे. ‘एकमेकांचे कामगार घ्यायचे नाहीत’ असा करार करून ते जाणार नाही, कायद्यातही तो टिकणं कठीण आहे आणि कामगाराच्या पोटावर पाय देणारा आहे. माणसंच जास्त तयार करणं हा एकच रस्ता.

आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा ट्रेड आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय-मोल्डचं नावाजलेलं प्रशिक्षण मिळतं. ॲप्रेंटिसशिपच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि ४ ते २९ माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. छोटे कारखानदार कागदपत्रांच्या धास्तीने हे टाळतात. ती कागदपत्रं संघटनेच्या ऑफिसातून एकत्र झाली, तर पाच माणसांच्या टूलरूमलाही एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी घेता येते.

आणखी एक. आपल्याकडचे जुने मेस्त्री, ज्यांना हाताने डाय स्पॉटिंग करून (डायचे दोन भाग एकमेकांवर नीट बसवून) अंगठ्याने पृष्ठभाग जोखता येतो, ते आता साठीच्या पुढे गेलेत. याच गावात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी साधनं तुटपुंजी असताना इंजिनं घडवली. ती हातातली विद्या सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. महिन्यातून एक शनिवार अशा मेस्त्रींना मानधन देऊन मुलांसमोर उभं करणं एकट्या कारखान्याला जमणार नाही, संघटनेला सहज जमेल. आम्हाला हे मनापासून व्हावंसं वाटतं.

सीएमएम (मापं तपासायचं मशिन), व्हॅक्यूम हार्डनिंग, कॅलिब्रेशन यासाठी बाहेरगावी पळावं लागतं. संघटनेतून काही होईल?

होऊ शकतं, पण धीर लागतो. केंद्राच्या क्लस्टर विकास योजनेत छोट्या उद्योगांनी मिळून स्वतंत्र कंपनी काढली तर सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळतं. स्वतःचा वाटा उभा करणं, जागा मिळवणं आणि नंतर ते केंद्र चालतं ठेवणं ही खरी कसोटी. मशिन आलं, पण चालवणारा माणूस नाही, असं व्हायला नको. त्याआधीची सोपी पायरी म्हणजे सभासदांकडे काय काय आहे याची यादी. एखाद्याचं सीएमएम दुपारनंतर रिकामं असतं आणि दोन शेड पलीकडचा रिपोर्टसाठी पुण्याला गाडी पाठवतो. नुसत्या यादीने हे थांबतं.

प्रदर्शनाला जाण्याचा खरंच उपयोग होतो?

बघायला जाण्याचा नक्की होतो. बंगळुरूचं इम्टेक्स इम्त्मा भरवते आणि डाय अँड मोल्ड इंडिया टॅग्मा भरवते. कोल्हापूरहून सगळ्यांनी मिळून बस केली तर खर्च कमी होतोच, शिवाय परतीच्या प्रवासात जी चर्चा होते ती स्टॉलवरच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाची असते. स्वतःचा स्टॉल मात्र पहिल्याच वर्षी एकट्याने घेऊ नका. चार-पाच टूलरूमनी मिळून ‘कोल्हापूर’ या नावाखाली एक स्टॉल घ्यावा.

एक्स्पोर्ट करायचं आहे, संघटनेचं सभासदत्व पुरेल का?

नाही. परकीय व्यापार धोरणातले फायदे हवे असतील तर आरसीएमसी (निर्यात परिषदेकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) लागतं आणि इंजिनिअरिंग मालासाठी ते ईईपीसी इंडिया ही परिषद देते. संघटनेत ज्यांनी आधी माल पाठवलाय ते पॅकिंग, गंज आणि पेमेंटची रीत सांगतील, तेवढं ऐकून मग उतरा.

वीजदर कमी होतात का संघटनेमुळे?

दर वीज नियामक आयोग ठरवतो. पण दरवाढीचा प्रस्ताव आला की जाहीर सुनावणी होते आणि तिथे कुणालाही हरकत घेता येते. ‘वीज महाग आहे’ एवढं म्हणून भागत नाही. पॉवर फॅक्टर, डिमांड चार्ज, शेजारच्या कर्नाटकातले दर, ट्रिपिंगमुळे अर्ध्यात थांबलेले वायरकटचे जॉब हे आकड्यांत मांडावं लागतं. हे काम अभ्यासू माणसं लावून संघटनाच करू शकते. तुम्ही एवढंच करा, वीज गेल्याची वेळ आणि खराब झालेला जॉब यांची नोंद ठेवा आणि ती संघटनेला द्या.

वर्गणी किती? ती खर्चात धरता येते का?

प्रत्येक संघटनेची वेगळी असते. प्रवेश शुल्क एकदाच आणि वर्गणी दरवर्षी, काही ठिकाणी उलाढालीप्रमाणे टप्पे असतात. धंद्यासाठी भरलेली वर्गणी साधारणपणे धंद्याचा खर्च म्हणून धरता येते. संघटना जीएसटीत नोंदणीकृत असेल तर वर्गणीवर कर लागतो, त्याचं क्रेडिट कसं घ्यायचं ते तुमच्या सीएंना विचारा.

संघटना म्हणजे सत्कार, स्नेहमेळावा आणि फोटो, असंच दिसतं.

काही ठिकाणी तसं झालंय आणि ते बदलायला हवं. म्हणून पैसे भरण्याआधी खुशाल विचारा: मागच्या वर्षी कुठले कार्यक्रम झाले? ऑडिट झालेले हिशेब सभेत मांडले का? निवडणूक शेवटची कधी झाली? छोट्या कारखान्याचा माणूस कार्यकारिणीत आहे का? मागच्या वर्षी कुठल्या तक्रारीचा पाठपुरावा केला आणि तिचं काय झालं? सरळ उत्तरं मिळाली तर या. उत्तर देताना कुणी चिडलं, तर दुसरी संघटना बघा.

मला वेळ नाही. माझ्या ऐवजी मुलगी गेली तर चालेल? ती मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

चालेल म्हणजे काय, तिलाच पाठवा. अर्जात अधिकृत प्रतिनिधी म्हणून तिचं नाव घाला आणि फर्मच्या लेटरहेडवर पत्र द्या. कॅड-कॅम तिला येतंच, पार्टीशी बोलणं आणि पैशाचा व्यवहार ती तिथे बसून शिकेल. सुरुवातीला खोलीत ती एकटीच बाई असेल. पहिल्या दोन-तीन बैठकांना तिच्यासोबत जा, ओळखी करून द्या, मग तुमची गरज लागणार नाही.

अर्जाला काय काय लागतं?

उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, पॅन, जागेचा पुरावा (एमआयडीसीचं पत्र किंवा भाडेकरार), भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि फोटो. बहुतेक ठिकाणी दोन जुन्या सभासदांची सूचक-अनुमोदक म्हणून सही लागते. ओळखीचे नसतील तर थेट ऑफिसात जा आणि आपलं काम सांगा, सूचक तेच सुचवतात. जाताना मशिनची यादी आणि तुम्ही बनवलेल्या दोन-तीन टूलचे फोटो घेऊन जा. फोटोत पार्टीचा पार्ट नंबर दिसत नाही ना, ते आधी तपासा.